नरक्या आणि कर्करोगाचे औषध : गगनबावड्याच्या रानातून रुग्णशय्येपर्यंत

कोल्हापूरहून पश्चिमेस सुमारे पंचावन्न किलोमीटर गेले म्हणजे गगनबावडा लागतो. पंत अमात्यांच्या जहागिरीचे हे जुने ठाणे. माथ्यावर गगनगड असून, पलीकडे करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट तळकोकणात उतरतात. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथे पडतो आणि त्या पावसावर वाढलेले सदाहरित व निमसदाहरित रान दऱ्याखोऱ्यांतून पसरलेले आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा, किंजळ या ओळखीच्या वृक्षांच्या सावलीत तेथे एक मध्यम उंचीचे, दिसण्यात काहीच विशेष नसलेले झाड वाढते. त्याचे नाव नरक्या. फुलांना दुर्गंधी येते म्हणून हे नाव. घाणेरा असेही त्यास काही ठिकाणी म्हणतात. जळणाखेरीज ज्या झाडास फारशी किंमत नव्हती, ते गेल्या काही दशकांत सह्याद्रीतील सर्वांत अधिक चोरीस जाणाऱ्या वनस्पतींपैकी एक झाले. त्याच्या लाकडात व सालीत असलेले कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजनयुक्त वनस्पतिज द्रव्य, कर्करोगावरील महत्त्वाच्या औषधांचा मूळ कच्चा माल आहे, हे त्याचे कारण होय.

वैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या आणि वनस्पतिशास्त्र या चार शाखांचे संशोधन एकमेकांवर कसे अवलंबून असते, याचे इतके स्पष्ट उदाहरण पश्चिम महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. हे द्रव्य औषध कसे झाले, रुग्णापर्यंत पोहोचताना त्याचे कोणते गुणदोष प्रकट झाले, आणि त्याच्या मुळाशी असलेले झाड टिकवावयाचे तर विद्यापीठीय संशोधनाने कोणते प्रश्न हाती घ्यावयास हवेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वनस्पतीची ओळख

नरक्याचे आजचे शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना असे आहे. जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई प्रांतात वाढणाऱ्या वनस्पतींची जी यादी १८३९ मध्ये तयार केली, तिच्यात या वनस्पतीचा उल्लेख येतो. ती यादी पुरी करण्यास ज्यांचा हातभार लागला त्या निम्मो यांचे नाव तिला मिळाले. पुढील काळातील ग्रंथांत व संशोधनपत्रांत हीच वनस्पती मॅपिया फीटिडा आणि नोथापोडायटिस फीटिडा या नावांनी आढळते. जुने वाङ्मय धुंडाळणाऱ्या विद्यार्थ्याने ही तिन्ही नावे ध्यानात ठेवली नाहीत, तर निम्मे संशोधन त्याच्या दृष्टीआड राहील.

हे लहान झाड बहुधा मोठ्या वृक्षांच्या आश्रयाने, ओलसर उतारांवर वाढते. पाने एकाआड एक, रुंद व फांद्यांच्या टोकांशी दाटलेली असतात. फुले लहान व पिवळसर असून त्यांच्या वासाने माश्या आकर्षित होतात. फळात एकच बी असते. पश्चिम घाटाबरोबरच श्रीलंकेत व आशियाच्या इतर काही भागांतही ही वनस्पती आढळते. अशा अभ्यासासाठी स्थानिक पाया तयार आहे, ही समाधानाची गोष्ट होय. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठातील श्री. रं. यादव आणि म. म. सरदेसाई यांनी कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ २००२ मध्ये सिद्ध केला, तो या परिसरात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हाताशी असावयास हवा. ज्या वनस्पतीवर औषधी संशोधन करावयाचे तिची ओळख निश्चित असणे ही पहिली अट आहे. ओळखच चुकली, तर पुढील सर्व रासायनिक परिश्रम वाया जातात.

शोधाचा मार्ग

कॅम्प्टोथेसिनचा शोध नरक्यात लागला नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या कृषिखात्यात मन्रो वॉल हे रसायनज्ञ कॉर्टिझोन तयार करण्यासाठी उपयोगी पडतील अशी द्रव्ये हजारो वनस्पतींत शोधीत होते. त्यांच्याजवळील अर्क राष्ट्रीय कर्करोग संस्थेत तपासले गेले, तेव्हा कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा या चिनी वृक्षाचा अर्क प्रायोगिक अर्बुदांवर प्रभावी ठरला. पुढे वॉल उत्तर कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तेथे त्यांचे सहकारी झाले ते मनसुख वाणी. वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठातून त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९६१ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. वॉल, वाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिनची रचना प्रसिद्ध केली. टॅक्सॉल या दुसऱ्या विख्यात कर्करोगविरोधी द्रव्याची रचनाही याच दोघांच्या प्रयोगशाळेतून १९७१ मध्ये प्रकाशात आली. खानदेशातील एका गावातून निघालेल्या विद्यार्थ्याचे हे कर्तृत्व महाराष्ट्रातील रसायनशास्त्राच्या वर्गांतून अधिक सांगितले जावयास हवे. वाणी २०२० मध्ये निवर्तले.

पुढचे पाऊल मुंबईतच पडले. गोरेगाव येथील सीबा संशोधन केंद्रात तु. रा. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन भारतीय वनस्पतींतील द्रव्यांचा अभ्यास करीत होते. नरक्यात, म्हणजे त्या वेळच्या मॅपिया फीटिडात, कॅम्प्टोथेसिन असल्याचे त्यांनी १९७२ मध्ये जाहीर केले. त्याच झाडातून त्यांनी ९-मेथॉक्सिकॅम्प्टोथेसिन व मॅपिसिन ही संबंधित द्रव्येही वेगळी केली. चिनी वृक्षाच्या मानाने नरक्यात या द्रव्याचे प्रमाण बरेच अधिक, म्हणजे कोरड्या वजनाच्या सुमारे ०.१ टक्का, आढळले. दोन वनस्पती परस्परांपासून दूरच्या कुळांतील असूनही तेच गुंतागुंतीचे रसायन दोन्हींत तयार होते. या एका निरीक्षणाने सह्याद्रीतील एका उपेक्षित झाडाचे भवितव्य बदलले.

पहिले अपयश आणि त्याचे कारण

शोधानंतर लगेच औषध मिळाले असे मात्र झाले नाही. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे १९७०च्या सुमारास अमेरिकेत रुग्णांवर ज्या चाचण्या झाल्या, त्यांत त्याचे विरघळणारे सोडियम लवण वापरण्यात आले. परिणाम निराशाजनक झाला. अर्बुदांवर अपेक्षित गुण आला नाही. उलट अस्थिमज्जेचे कार्य मंदावणे, तीव्र अतिसार आणि मूत्राशयातून रक्तस्राव असे दुष्परिणाम दिसले. चाचण्या थांबविण्यात आल्या.

या अपयशाचे रासायनिक स्पष्टीकरण विद्यार्थ्यांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. कॅम्प्टोथेसिनच्या पाच वलयांपैकी शेवटचे वलय लॅक्टोन प्रकारचे असते आणि ते बंद असेल तरच रेणू प्रभावी ठरतो. सोडियम लवण तयार करताना हे वलय उघडते, म्हणजे औषध विरघळते खरे, परंतु त्याचा प्रभाव ओसरतो. मूत्र आम्लधर्मी असेल तर मूत्राशयात ते वलय पुन्हा मिटते आणि जेथे नको तेथे औषध कार्य करू लागते. रक्तस्रावाचे कारण हेच होय. विरघळण्याची अडचण सोडविण्याच्या प्रयत्नात औषधाचा प्राणच काढून घेतला गेला होता.

दुसरा उलगडा १९८५ मध्ये झाला. अमेरिकेतील जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठात लेरॉय ल्यू यांच्या गटाने कॅम्प्टोथेसिनचे लक्ष्य टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम असल्याचे दाखविले. पेशी विभागताना डीएनएचा पीळ उकलावा लागतो. हे एन्झाइम त्याच्या दोन धाग्यांपैकी एकास क्षणभर छेद देते, पीळ सैल होऊ देते आणि छेद पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके या छेदाच्या अवस्थेत एन्झाइम व डीएनए यांना अडकवून ठेवते. पेशी डीएनएची नक्कल करीत त्या स्थानी आली म्हणजे दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते. साहजिकच ज्या पेशी वेगाने विभागतात त्यांना या औषधाचा तडाखा अधिक बसतो. कर्करोगाच्या पेशी अशा असतात. परंतु अस्थिमज्जेतील व आतड्याच्या अस्तरातील पेशीही अशाच असतात. औषधाचा गुण आणि त्याचा दोष एकाच यंत्रणेतून निघतात, हे येथे स्पष्ट होते.

लक्ष्य कळल्यावर, वलय बंद राहील आणि तरीही रेणू पाण्यात विरघळेल, असे बदल करण्यास दिशा मिळाली. जपानमध्ये विकसित झालेल्या इरिनोटेकानला तेथे १९९४ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत १९९६ मध्ये इरिनोटेकानला मोठ्या आतड्याच्या आणि टोपोटेकानला अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. टोपोटेकानचा उपयोग पुढे फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगात आणि २००६ पासून, सिसप्लॅटिनच्या जोडीने, गर्भाशयमुखाच्या प्रगत कर्करोगातही होऊ लागला. इरिनोटेकानचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत केला. अलीकडे याच कुळातील रेणू प्रतिपिंडांना जोडून थेट अर्बुदाकडे नेण्याची पद्धत निघाली असून, स्तनाच्या कर्करोगासाठी अशी दोन औषधे २०१९ व २०२० मध्ये अमेरिकेत मान्य झाली. अर्थात या रसायनाची गरज संपत आलेली नाही.

रुग्णशय्येपाशी

औषधाच्या इतिहासात परिचर्येचा भाग बहुधा लिहिला जात नाही. इरिनोटेकानच्या बाबतीत तो वगळणे शक्य नाही. या औषधाचे यकृतात व इतरत्र एसएन-३८ या अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर होते. यकृतातील यूजीटी१ए१ नावाचे एन्झाइम त्यास निष्प्रभ करून पित्तावाटे आतड्यात सोडते. आतड्यातील जंतू मात्र त्याचा काही भाग पुन्हा प्रभावी करतात आणि आतड्याच्या अस्तरास इजा होते. ज्या व्यक्तींत यूजीटी१ए१ची क्षमता जन्मतःच कमी असते, त्यांना नेहमीची मात्राही जड जाते. म्हणून २००५ पासून अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रात अशा रुग्णांसाठी मात्रा कमी करण्याविषयी सूचना आहे.

या औषधाने होणारा अतिसार दोन प्रकारचा असतो आणि त्यांचे उपचार भिन्न आहेत. पहिला औषध देताना किंवा त्यानंतर चोवीस तासांच्या आत, घाम, लाळ व पोटात कळा यांसह येतो. तो मज्जातंतूंच्या उत्तेजनामुळे होतो व अॅट्रोपिनने आटोक्यात येतो. दुसरा चोवीस तासांनंतर, पुष्कळदा काही दिवसांनी, म्हणजे रुग्ण घरी परतल्यावर सुरू होतो. त्याच सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशीही घटलेल्या असू शकतात. शरीरातील पाणी कमी होणे आणि जंतुसंसर्ग ही दोन संकटे एकत्र आली तर ती प्राणघातक ठरतात. लोपेरामाइडची गोळी केव्हा सुरू करावी, किती पाणी प्यावे, ताप आला तर किती वेळात रुग्णालय गाठावे, हे रुग्णास व त्याच्या घरच्यांस आधीच ठाऊक असावे लागते.

हा प्रश्न गगनबावड्यासारख्या तालुक्यात निराळेच रूप धारण करतो. कर्करोगाचे उपचार कोल्हापुरात होतात. राहणे मात्र वाडीवस्तीवर. पावसाळ्यात कुंभी नदीला पूर आला म्हणजे कोल्हापूर-गगनबावडा मार्गावर पाणी येते आणि तालुक्याचा शहराशी संबंध तुटतो. ज्या दिवसांत उशिराचा अतिसार सुरू होण्याचा संभव, नेमक्या त्याच दिवसांत रस्ता बंद असणे ही येथे कल्पना नव्हे. औषध देण्याची तारीख ठरविताना पावसाचा विचार करावा की काय, घरी जाताना रुग्णाजवळ कोणती औषधे द्यावीत, सोप्या मराठीत लिहिलेली सूचनापत्रिका पुरेशी आहे की प्रत्यक्ष समजावून सांगितल्यावर रुग्णाकडून ती परत वदवून घ्यावी, दूरध्वनीवर विचारपूस करणाऱ्या परिचारिकेने कोणते प्रश्न विचारावेत, गावातील आशा कार्यकर्तीस यात कोणते काम द्यावे, हे सारे परिचर्येतील पदव्युत्तर प्रबंधांचे विषय आहेत. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाल्यापासून परिचर्या महाविद्यालये व वैद्यकीय महाविद्यालये एकाच विद्यापीठीय चौकटीत आली आहेत. अशा संयुक्त अभ्यासांस ती चौकट अनुकूल आहे.

झाड म्हणजे औषध नव्हे

येथे एका गैरसमजाचा निरास करणे अवश्य आहे. नरक्यात कर्करोगाचे औषध आहे, हे वाक्य जितके प्रचलित तितकेच अपुरे आहे. नरक्यात औषधाचा कच्चा माल आहे. साल उकळून घेतलेल्या काढ्यात कॅम्प्टोथेसिन किती उतरले, त्याचे वलय उघडे की मिटलेले, हे कोणासही सांगता येणार नाही. आणि जे उतरेल ते शुद्ध स्वरूपातही १९७०च्या चाचण्यांत रुग्णांना बाधलेले द्रव्य आहे. काढ्याच्या भरवशावर उपचार लांबणीवर पडला तर रोग पुढच्या अवस्थेत जातो, ही हानी वेगळीच. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी बाह्यरुग्ण विभागात कर्करोगाच्या रुग्णांस, घरी आणखी काही घेतले जाते काय, हा प्रश्न दरडावून न विचारता आपुलकीने विचारला पाहिजे. दरडावल्यास उत्तर नकारार्थी येते आणि माहिती हातची जाते.

एका रुग्णास किती लाकूड?

मागणी वाढली तशी नरक्याची तोडही वाढली. पश्चिम घाटातील या वनस्पतीची संख्या झपाट्याने घटल्याची नोंद अभ्यासकांनी केली असून ती संकटग्रस्त वनस्पतींत गणली जाते. मुळांच्या सालीत कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण बहुधा खोडापेक्षा अधिक असते, म्हणून झाड केवळ तोडले जात नाही, तर मुळासकट उपटले जाते. बुंधा राखला तर नरक्याला पुन्हा फुटवे येतात. मूळ काढले की ती शक्यता संपते.

येथे एक साधा हिशेब मांडून पाहणे उद्बोधक होईल. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात इरिनोटेकान शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागास १८० मिलिग्रॅम या मात्रेने दर दोन आठवड्यांनी देण्याची एक रूढ पद्धत आहे. रुग्णाचा पृष्ठभाग १.६ चौरस मीटर धरला तर एका वेळेस २८८ मिलिग्रॅम, आणि सहा महिन्यांच्या बारा मात्रांस सुमारे ३.५ ग्रॅम औषध लागते. दोन्ही रेणूंची वजने विचारात घेता त्यासाठी तत्त्वतः सुमारे १.८ ग्रॅम कॅम्प्टोथेसिन पुरते. झाडात त्याचे प्रमाण ०.१ टक्का असेल तर हे १.८ किलोग्रॅम कोरडे लाकूड झाले. काढणी व शुद्धीकरणात निम्मे द्रव्य वाया गेले असे धरले तरी आकडा साडेतीन किलोग्रॅमच्या आसपास राहतो. मात्र प्रमाण ०.०१ टक्का असेल, तर त्याच रुग्णासाठी सुमारे ३६ किलोग्रॅम लाकूड लागेल.

या हिशेबातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. रुग्णाची गरज झाडाच्या नाशावाचून भागणार नाही, असे मुळीच नाही. चांगले झाड असेल तर थोड्या फांद्यांत काम होते. नाश होतो तो कच्च्या मालाच्या खरेदीच्या पद्धतीमुळे. लाकूड वजनावर विकले गेले की तोडणाऱ्यास चांगल्या व निकृष्ट झाडांत भेद करण्याचे कारण राहत नाही. अधिक वजन म्हणजे अधिक पैसा. म्हणून सारे झाड, मुळांसकट, जाते. खरेदी द्रव्याच्या प्रमाणावर झाली, तर निवडक झाडांची लागवड व बेताने छाटणी हाच फायद्याचा मार्ग ठरेल. रसायनशाळेतील एक मोजमाप रानातील वर्तनास कसे वळण देऊ शकते, हे यावरून ध्यानात यावे.

विद्यापीठीय संशोधनापुढील प्रश्न

पहिला प्रश्न मोजमापाचाच आहे. एकाच डोंगरउतारावरील दोन झाडांत कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण अनेक पटींनी भिन्न असू शकते. स्थान, उंची, झाडाचे वय, ऋतू, अवयव आणि वाळविण्याची रीत यांचाही परिणाम होतो. अशा स्थितीत एका ठिकाणचा एक नमुना घेऊन त्या ठिकाणास उत्तम किंवा अधम ठरविणे शास्त्रीय नव्हे. दर ठिकाणी पुरेशी झाडे, प्रत्येक झाडाची स्वतंत्र नोंद, तोच अवयव, तोच ऋतू, काढणीची एकच पद्धत आणि उच्चक्षमता द्रव क्रोमॅटोग्राफीने केलेले मापन, इतक्या अटी पाळल्या तरच तुलना अर्थपूर्ण होते. बंगळूर येथील कृषिविज्ञान विद्यापीठातील रा. उमा शंकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटात या दिशेने विस्तृत काम केले असून, अधिक द्रव्य देणाऱ्या झाडांचा शोध घेतला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील फुलझेले व सातदिवे यांनीही २००५ मध्ये या वनस्पतीच्या निरनिराळ्या भागांतील कॅम्प्टोथेसिनच्या वाटणीवर अभ्यास प्रसिद्ध केला. नमुने घेताना झाड मरू नये, ही अट आता प्रत्येक संशोधन-आराखड्यात असली पाहिजे. थोड्या पानांवर व लहान फांदीवर भागत असेल, तेथे मूळ खणण्याचे प्रयोजन नाही.

दुसरा प्रश्न झाडाला पर्याय शोधण्याचा. पानांत द्रव्य खोडाहून कमी असले तरी पाने पुन्हा येतात. म्हणून दीर्घ मुदतीत पानांची तोडणी किफायतशीर ठरते काय, हे वर्षानुवर्षांच्या प्रयोगाने ठरवावे लागेल. ऊतिसंवर्धनाने निवडक झाडांची रोपे करण्याचे प्रयत्न अनेक प्रयोगशाळांतून झाले आहेत. नरक्याच्या अंगात राहणारे एक अंतर्वासी कवक स्वतंत्रपणे कॅम्प्टोथेसिन तयार करते, असे २००५ मध्ये जम्मूच्या शास्त्रज्ञांनी दाखविले तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. कवक टाकीत वाढविले की झाडाची गरजच उरणार नाही, अशी ती कल्पना होती. तथापि अशी कवके प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढविली असता द्रव्य तयार करण्याची शक्ती बहुधा मंदावते, असे पुढील अभ्यासांत आढळले. झाडाच्या सहवासात जे घडते ते काचेच्या नळीत तसेच घडत नाही. संपूर्ण रासायनिक संश्लेषणही १९७१ पासून शक्य आहे, परंतु वनस्पतीतून मिळणाऱ्या द्रव्याशी किमतीत त्याची बरोबरी करणे कठीण गेले आहे. सारांश, आणखी काही काळ तरी झाड आवश्यक राहणार.

तिसरा प्रश्न लागवडीचा. नरक्या मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढतो. मग तो शेताच्या बांधावर, उघड्या उन्हात तेवढेच द्रव्य देईल काय? बी किती दिवस रुजण्याची शक्ती राखते? पहिली छाटणी कितव्या वर्षी करावी व बुंधा किती उंचीवर राखावा? ही उत्तरे गगनबावड्याच्याच पावसात व त्याच मातीत मिळवावी लागतील. अन्यत्र मिळविलेले आकडे येथे तंतोतंत लागू पडतीलच असे नाही. या प्रश्नांस महागडी यंत्रे लागत नाहीत. रोपवाटिका, वजनकाटा, नोंदवही आणि दहा वर्षांचा धीर लागतो. पदव्युत्तर विद्यार्थी दोन वर्षांनी जातो. म्हणून असा प्रयोग व्यक्तीच्या नावे न चालविता विभागाच्या नावे चालविला पाहिजे आणि एका विद्यार्थ्याची नोंदवही दुसऱ्याने पुढे लिहिली पाहिजे.

कायदा आणि रानातील माणसे

राखीव वनातून नरक्या तोडणे हा गुन्हा आहे. तोड करताना पकडला जातो तो बहुधा रोजंदारीवरचा मजूर; माल कोठे जातो याची त्यास कल्पनाही नसते. केवळ शिक्षेने हा प्रश्न सुटलेला नाही. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्यांची तरतूद केली आणि जैविक संपत्तीच्या व्यापारी उपयोगातून होणाऱ्या लाभाचा वाटा स्थानिकांस मिळावा हे तत्त्व मान्य केले. २०२३ मधील दुरुस्तीने लागवडीतील औषधी वनस्पतींस काही सवलती दिल्या. तथापि माल लागवडीचा आहे की रानातला, हे सिद्ध करण्यासाठी उगमाचा दाखला हवा. येथेही प्रयोगशाळेस काम आहे. लागवडीसाठी वाटलेल्या रोपांची जनुकीय ओळख विभागाजवळ नोंदलेली असेल, तर बाजारात आलेले लाकूड कोणत्या बांधावरचे आणि कोणते रानातून चोरलेले, हे पडताळून पाहता येईल. प्रामाणिक शेतकऱ्यास त्याने संरक्षण मिळेल आणि चोरट्या मालास अडसर बसेल.

डोंगरावरील धनगरवाड्यांतील व घाटमाथ्यावरील शेतकऱ्यांस झाडाची वाढ, फळण्याचा काळ व उरलेली ठिकाणे यांची जी माहिती असते, ती कोणत्याही वनस्पतिसंग्रहालयात नाही. ती घेताना संशोधकाने तिचे श्रेय द्यावयास हवे; आणि नकाशा प्रसिद्ध करताना नेमकी ठिकाणे देऊ नयेत, हेही पथ्य पाळावयास हवे. कारण संशोधनपत्रिका केवळ संशोधकच वाचतात असे नाही.

उपसंहार

नरक्याच्या इतिहासात नंदुरबारचा विद्यार्थी, गोरेगावची प्रयोगशाळा, जपानमधील औषधनिर्मिती, बंगळूरचे वनसंशोधन आणि कोल्हापूरच्या रुग्णालयातील परिचारिका एका साखळीत येतात. या साखळीचे एक टोक गगनबावड्याच्या उतारावर आहे, आणि दुसरे टोक पुष्कळदा त्याच तालुक्यातील एखाद्या रुग्णाच्या घरात. औषधाची मोठी शास्त्रीय कोडी दूरच्या विद्यापीठांनी सोडविली. जी कामे उरली आहेत ती जवळच्या विद्यापीठांखेरीज कोणी करणार नाही : झाडागणिक द्रव्याचे मोजमाप, बांधावरील लागवडीची दीर्घ मुदतीची नोंद, आणि पुराच्या दिवसांत घरी असलेल्या रुग्णाची परिचर्या. या तिन्ही कामांना प्रसिद्धी थोडी मिळेल. परंतु ती झाली नाहीत, तर काही वर्षांनी औषध राहील आणि झाड राहणार नाही. किंवा औषध असेल, पण ते घेतलेला रुग्ण पलीकडच्या काठावर अडकलेला असेल. वनस्पतिशास्त्र, औषधनिर्माण, वैद्यक व परिचर्या या विभागांनी या विषयावर एक समान नोंदवही उघडणे हा त्यावरील पहिला व सहज शक्य असा उपाय होय.